सुटलं की सरळ घरी

आमच्या आत्याने ट्रक घेतला तेव्हा तिला साधी सायकलही चालवता येत नव्हती. आजही येत नाही. बसमध्ये बसली तरी पुढच्या सीटचा दांडा दोन्ही हातांनी घट्ट धरते आणि बसने वळण घेतलं की डोळे मिटते. अशा बाईने साठी उलटल्यावर, आयुष्यभराची पुंजी ओतून, वर बँकेचा हप्ता डोक्यावर घेऊन, सहा चाकांचा मालवाहू ट्रक घेतला. आणि हे मला कळलं कधी, तर ट्रक दारात उभा राहिल्यावर. फोन आला, "जरा येऊन जा, तुला काहीतरी दाखवायचंय." मला वाटलं, गुडघ्याचा एक्स-रे असेल.

मी विमा कंपनीत अपघाताचे दावे तपासतो. ट्रक मी आयुष्यात बहुतेक वेळा आडवे झालेलेच पाहिलेत, त्यामुळे उभा ट्रकही मला आडवाच दिसतो. हा तर आत्याच्या खिडकीला खेटून, घरातला सगळा उजेड अडवून उभा होता. आत्या फुटपाथवर कमरेवर हात ठेवून त्याच्याकडे बघत होती. चेहरा नुसता फुललेला.

"रंग जुना आहे त्याचा, पण तब्येत ठणठणीत आहे," ती म्हणाली.

"आणि तुझी? ताप-बिप नाही ना आला?"

तिने माझ्याकडे लक्षच दिलं नाही. केबिनच्या दारावर कसलासा डाग होता, तो ती रुमालाने पुसत बसली.

आत्याचं लग्न झालं नाही. झालं नाही की केलं नाही, हे विचारायची आमच्यापैकी कुणाची छाती झाली नाही. तिच्या दोन खोल्या तळमजल्यावर, रस्त्याला लागून. मागच्या खोलीत तिचा संसार, पुढच्या खोलीत तिचं पाळणाघर. पलीकडे औषधांचा कारखाना होता, आणि तिथे गोळ्या पाकिटात भरायचं काम करणाऱ्या बायका आपली मुलं सकाळी आत्याच्या हवाली करून जात. पुढच्या खोलीत सगळंच बुटकं होतं. बुटके बाक, बुटकी मोरी, आणि दाराशी भिंतीवर माणसाच्या मांडीएवढ्या उंचीवर खुंट्यांची रांग. प्रत्येक खुंटीवर एका प्राण्याचं चित्र, कारण वाचता येण्याआधी ससा ओळखता येतो. रस्त्याकडे मोठी खिडकी आणि तिला बसता येईल एवढा रुंद कट्टा. सगळा परिसर आत्याला 'बाई' म्हणायचा.

बाईंचे नियम थोडे आणि कडक. हात धुतल्याशिवाय डबा उघडायचा नाही. झोपलेल्याला उठवायचं नाही. आणि सुटलं की सरळ घरी. हा शेवटचा नियम मुलांना कमी आणि त्यांच्या आयांना जास्त होता. दाराबाहेर पडणाऱ्या प्रत्येकीला तो ऐकावा लागे. "दुकानं बघत रेंगाळू नका, पोर भुकेलंय. सरळ घरी." मी स्वतः तिच्याकडून जेवून निघतो तेव्हा चाळिशीतल्या मलाही हेच ऐकवते. तिच्या तोंडी ते निरोपाच्या शब्दासारखं बसलंय.

मग कारखाना गावाबाहेर हलला, आणि तिकडे त्यांनी स्वतःचंच झकपक पाळणाघर काढलं. आत्याकडची मुलं हळूहळू कमी होत गेली, आणि एक दिवस तिने पाटी उतरवली. ती रडली नाही. मला तिचं न रडणं जास्त टोचलं. खाटा, पाळणे, रबरी चादरी, जे मागेल त्याला देऊन टाकायचा सपाटा तिने लावला. त्यातला एक पाळणा न्यायला शेवट्या आला.

शेवट्याची गोष्ट आधी सांगायला हवी. त्याला बाप नव्हता. आईची कारखान्यातली पाळी कधीच वेळेवर सुटायची नाही, त्यामुळे रोज सगळी मुलं गेली तरी तो खिडकीच्या कट्ट्यावर बसलेला. म्हणून शेवट्या. नाव मुलांनीच पाडलं, आणि पुढे त्याने ते इतकं आपलं करून टाकलं की आजही फोनवर "मी शेवट्या बोलतोय" असंच म्हणतो. त्याची खुंटी कासवाची होती. यात काही टोमणा नव्हता. तो आला तेव्हा तेवढीच रिकामी होती. लहानपणी तो गाड्यांशी खेळायचा, असं सांगता आलं असतं तर गोष्ट छान जमली असती. पण आत्या म्हणते, त्याला फक्त चमचे आवडायचे.

तर हा सहा फुटी दाढीवाला शेवट्या पाळणा न्यायला आला. मुलगी झाली होती, ठकी. आत्याने विचारलं, काय करतोस? म्हणाला, दुसऱ्याचा ट्रक चालवतो. एकदा निघालो की पंधरा पंधरा दिवस घर दिसत नाही. आलो तर पोरगी झोपलेली असते, नाहीतर मला बघून भोकाड पसरते.

"कुणाचा ट्रक?" आत्याने विचारलं.

"आहे एक शेठ. दुधाची डेअरी आहे त्याची. ट्रकमध्ये कधी पायसुद्धा ठेवला नाही त्याने."

"म्हणजे आपल्याला चालवता येत नसला तरी ट्रक घेता येतो?"

शेवट्या हसला, म्हणाला, "पैसे असले की काहीही घेता येतं, बाई." तो पाळणा खांद्यावर टाकून गेला आणि इकडे आत्याच्या डोक्यात किडा वळवळायला लागला. पुंजी होती. खोली रिकामी होती. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे, सकाळी कुणालातरी धाडून संध्याकाळी त्याची वाट बघायची तिच्या हाडात भिनलेली सवय मोकळी पडली होती. हे मी आज म्हणतो. तेव्हा मी फक्त कपाळावर हात मारून घेतला.

ट्रक बघायला ती आणि शेवट्या एका एजंटाबरोबर गेले होते. तो एजंट आजही रंगवून सांगतो. म्हणे, आत्याने इंजिनाबद्दल चकार शब्द काढला नाही. ट्रक थोडा फिरवून आणल्यावर बॉनेटवर तळहात ठेवला, अंग तापलंय का बघावं तसा. आरशांच्या मागे बोट फिरवून मळ बघितला. मग जुन्या मालकाला विचारलं, "रात्रीचा कुरकुरतो का?" आणि शेवटी, "चांगला आहे, मग तुम्ही का टाकताय त्याला?" जुना मालक बिचारा ओशाळला. एजंट म्हणतो, त्या एका प्रश्नाने भाव उतरला.

पाळणाघराच्या पडद्यांचं कापड उरलं होतं, पिवळ्यावर पांढरी बदकं. आत्याने त्याचे केबिनला पडदे शिवले. मी म्हणालो, "अगं, रस्त्यावर लोक हसतील त्याला." शेवट्या गंभीरपणे म्हणाला, "हसू देत की दादा. झोप चांगली लागेल." आणि त्याने स्वतःच ते पडदे तारेत ओवून लावले.

पहिल्या खेपेच्या पहाटे मी हजर होतो, विमा उतरवलेला आहे ना याची खात्री करायला. हौद्यात प्लास्टिकच्या पाइपांचा माल, वर ताडपत्री, दोर करकचून आवळलेले. शेवट्याने केबिनमध्ये चढताना विचारलं, "बाई, निघू?" आत्याने खालून डबा दिला, पाण्याची बाटली दिली, आणि म्हणाली, "सावकाश जा. माल उतरवलास की सरळ घरी ये. पोरगी वाट बघत असेल."

शेवट्याने काहीतरी बोलायला तोंड उघडलं. मिटलं. तिच्याकडे जरा वेळ बघत राहिला. मला वाटलं, याला दारात नातेवाईकाने अडवल्यासारखं होतंय, आता सुटका हवी असेल. मग तो म्हणाला, "बरं, बाई," आणि निघाला.

तेव्हापासून ट्रक पहाटे जायचा, पलीकडच्या शहरात माल उतरवायचा आणि बहुतेक दिवशी संध्याकाळी परत यायचा. शेवट्या आला की ट्रकची किल्ली वाकून कासवाच्या खुंटीला अडकवायचा, अर्धा कप चहा उभ्यानेच प्यायचा आणि ठकीला शेजारणीकडून घ्यायला पळायचा. त्याची बायको दवाखान्याच्या धुलाईखान्यात दुपारच्या पाळीला असे. आत्या खिडकीत बसून ट्रकच्या आवाजाकडे कान लावायची. कोपऱ्यावर गिअर बदलताना होणारा आवाज ती ओळखायला लागली होती. भाजी निवडता निवडता म्हणायची, "आला." खरोखरच यायचा. तिचं ते 'आला' ऐकलं की माझा राग निम्मा व्हायचा. मग हप्त्याची तारीख आठवली की पुन्हा दुप्पट.

कारण पैशांचं काही जमत नव्हतं. ती कधी बोलायची नाही, पण घर बोलायचं. पंखा खडखडत होता तो तसाच राहिला. गुडघ्याच्या गोळ्या दिवसाआड घ्यायला लागली. एक दिवस गेलो तर पाळणाघराचं लोखंडी कपाट जागेवर नाही. भिंतीवर नुसता चौकोनी पांढरा डाग.

"कपाट कुठे गेलं?"

"अडगळ होती, देऊन टाकलं."

"आणि ट्रक?"

तिने चष्मा काढला, रुमालाने पुसला, पुन्हा घातला. "ट्रक मजेत आहे. तू नको काळजी करूस."

मी बोललो, तिला बरंच काही बोललो. हा पांढरा हत्ती कुणी पोसायला सांगितला होता, ज्या धंद्यातलं ओ की ठो कळत नाही त्यात शिरतं का कुणी, वगैरे. मला तिची भयंकर काळजी वाटत होती आणि ती मी ओरडून दाखवत होतो. आमच्या घराण्यात काळजी दाखवायची ही एकच पद्धत आहे. ती शांतपणे ऐकून म्हणाली, "झालं? आता जेव."

वर्ष सरत आलं, टायर बदलायची वेळ आली आणि तिथे सगळंच अडलं. एका सोमवारी तिने स्वतःहून फोन केला. "विकायचा म्हणते. एजंट रविवारी गिऱ्हाईक घेऊन येतोय. तू जरा ये, व्यवहाराला आपलं माणूस हवं." मी इतके महिने याचीच वाट बघत होतो. जीव भांड्यात पडायला हवा होता. पण तिचा आवाज पाटी उतरवली त्या दिवसासारखाच होता, अगदी कोरडा.

"शेवट्याचं काय?"

"त्याला अजून सांगितलेलं नाही. तो परत जाईल शेठकडे." मग म्हणाली, "पंधरा पंधरा दिवस. ठकी आता कुठे त्याला ओळखायला लागली होती रे."

त्याच आठवड्यात एका दाव्याच्या कामासाठी मला पलीकडच्या शहरात जावं लागलं. काम ट्रकच्या अड्ड्यावर होतं. मोठं मैदान, तेलाने काळी झालेली माती, ओळीने उभे ट्रक, आणि एका कडेला पत्र्याचं बुकिंग ऑफिस. तिथे काउंटरवर एक जाडजूड बाई दोन कानांना दोन फोन लावून बसल्या होत्या. कुणाचा माल, कुठला ट्रक, कुठे जायचंय, सगळा मेळ त्याच घालायच्या. माझं काम झालं, आणि सहज म्हणून मी विचारलं की आमच्या आत्यांचा एक ट्रक इथे येतो, पिवळे पडदे आहेत.

त्यांनी दोन्ही फोन खाली ठेवले. "बदकवाली गाडी? ती तुमच्या घरची? अहो, इथे सगळे म्हणतात, त्या मालकिणीकडे पैसा उतू चाललाय."

"असं कोण म्हणतं?"

"मग काय म्हणणार? माल उतरवला की तुमचा माणूस दोर गुंडाळतो आणि रिकामाच परत पळतो. सुरुवातीला मी हाका मारायचे, अरे थांब, आज नाही तर उद्या परतीचा माल देते. तर म्हणायचा, नको, मालकीण बाईंनी सरळ घरी यायला सांगितलंय."

"त्याने काय बिघडतं?" मी विचारलं. आडव्या ट्रकांपलीकडे माझंही ज्ञान तेवढंच.

त्यांनी मला खुर्ची दाखवली, मग सावकाश सांगितलं. जातानाचं भाडं डिझेलमध्ये, टोलमध्ये आणि ड्रायव्हरच्या पगारात जातं. मालकाच्या हाताला जे काही लागतं, ते येताना भरून आणलेल्या मालाचं. हप्ता त्यातून, टायर त्यातून. रिकामा ट्रक परत आणणं म्हणजे घरचं डिझेल जाळून हवा वाहून आणणं. "हे तर इथल्या चहावाल्यालाही माहीत आहे," त्या म्हणाल्या. "तुमच्या आत्यांना काय, हौसच असेल."

परत येताना रस्ताभर माझं डोकं तापलेलं होतं. आत्याला माहीत नव्हतं हे उघड होतं. तिने ट्रकला मुलाचा नियम लावला होता. पण शेवट्या? तो तर ड्रायव्हर. त्याला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. रोज संध्याकाळी घरी जायला मिळतंय म्हणून मूग गिळून गप्प बसला, आणि इकडे माझी आत्या गुडघे धरून गोळ्या दिवसाआड करतेय.

शनिवारी दुपारी मी तिला सगळं सांगितलं. ती बुटक्या बाकावर बसली आणि हातातल्या कापडाची घडी घालायची विसरली.

"म्हणजे माझ्यामुळेच झालं हे?"

"तुझ्यामुळे कसं? त्याने सांगायला नको होतं? येऊ दे त्याला आज. विचारतोच."

"तू नाही विचारायचंस."

"मी विचारणार," मी म्हणालो. शेवटी तिचाच भाचा आहे मी.

संध्याकाळी कोपऱ्यावर गिअरचा आवाज झाला. आत्या 'आला' म्हणाली नाही. शेवट्या आत आला, बूट काढून ओळीत ठेवले, वाकून कासवाच्या खुंटीला किल्ली लावली, आणि आमची तोंडं बघून तसाच अर्धवट वाकलेला थांबला.

"काय झालं?"

"शेवट्या," मी म्हणालो, "येताना माल का आणत नाहीस? ट्रक रिकामा आणला की मालकाच्या पदरात काही पडत नाही, हे माहीत आहे ना तुला?"

"आहे की."

"मग बाईंना एकदा सांगावंसं नाही वाटलं?"

तो खरोखरच गोंधळला. माझ्याकडे बघितलं, आत्याकडे बघितलं. "सांगायचं काय, दादा? बाईंना माहीतच आहे."

त्याने बाहेर ट्रकच्या दिशेने हात केला.

"पहिल्या दिवशी त्यांनीच सांगितलं ना, तुमच्यासमोर. सरळ घरी ये, पोरगी वाट बघत असेल. मी म्हणणार होतो, बाई, तुमचं नुकसान होईल. ओठांवर आलं होतं. मग वाटलं, रोज संध्याकाळी त्या कट्ट्यावर माझ्या शेजारी कोण बसायचं? त्यांना कळत नाही असं कसं होईल? सगळं समजूनच म्हणाल्या असणार." त्याने बाहीने नाक पुसलं. "तिकडे पोचून माल उतरवला, आणि स्टेअरिंगवर डोकं ठेवून रडलो, दादा. माझ्या पोरीला खिडकीत बसायला लागू नये म्हणून कुणी एवढं सोसतं? अड्ड्यावर लोक हसायचे. मी म्हणायचो, तुम्हाला तशी मालकीण नाही मिळाली, तुम्ही हसणारच."

माझा सगळा राग कुठे गेला कुणास ठाऊक. तरी खरं ते खरं, म्हणून मी तोंड उघडलं. आत्याने माझ्याकडे एकदाच बघितलं. लहानपणी त्या नजरेने मी हातातली गोटी परत जागेवर ठेवायचो. मी तोंड मिटलं.

तिने चष्मा काढला. रुमालाने दोन्ही काचा नीट पुसल्या, पुन्हा घातला.

"माहीत होतं," ती म्हणाली. "माहीत नसायला काय झालं?"

मग तिने त्याला बाकावर बसवलं. गुडघे हनुवटीला टेकवून तो सहा फुटी माणूस तिथे बसला. "पण बाळा, आता मला झेपत नाही रे," ती म्हणाली. "उद्या एजंट येतोय. ट्रक विकायचा म्हणतेय."

शेवट्याचा चेहरा उतरला. "आधी का नाही बोललात? मला वाटलं, तुमचं भागतंय." त्याची नजर कपाटाच्या जागेवरच्या पांढऱ्या डागाकडे गेली आणि तिथेच राहिली. त्याने किती संध्याकाळी तिथे उभं राहून चहा प्यायला असेल. "विकू नका, बाई. सोमवारपासून मी थांबत जाईन. माल मिळेपर्यंत थांबेन, भरूनच आणेन. एक दिवस लागो, दोन लागोत."

"आणि ठकी?"

तो मान खाली घालून हाताच्या रेघांतलं तेल खरवडत बसला. शेजारीण संध्याकाळपर्यंतच सांभाळायची. बायकोची पाळी सुटायला उशीर व्हायचा. आत्या उठली, खिडकीपाशी गेली आणि कट्ट्याच्या दुसऱ्या टोकाला ठेवलेली जुनी वर्तमानपत्रं, रिकाम्या बाटल्या, एकेक करून खाली उतरवायला लागली.

"तिला इथे आणून सोड," ती पाठमोरीच म्हणाली.

"पण पाळणाघर तर बंद..."

"बंद कुणी केलं? मीच ना? एका पोरीसाठी काही पाटी लावावी लागत नाही. आणि तू रे, नुसता बघत काय उभा आहेस? फडकं आण ओलं." हे मला.

मी फडकं आणलं. रविवारी एजंट गिऱ्हाईक घेऊन आला, त्याला चहा मिळाला आणि "आमचं मूल आम्ही घरीच ठेवायचं ठरवलंय" एवढं ऐकून तो परत गेला. टायरचे पैसे मी दिले. कुरकुर करतच दिले, पण दिले.

त्या संध्याकाळी मी तिला म्हणालो, "चक्क खोटं बोललीस."

"खोटं कसलं? तेव्हा माहीत असतं तरी मी तेच सांगितलं असतं."

"मग नुकसान झालं असतं."

"झालंच की," ती म्हणाली, आणि माझ्या पानात आणखी भात वाढला.

लगेच सोन्याचा धूर निघाला असं काही नाही. पण ट्रक आता भरून जातो आणि भरून येतो. कधी सिमेंट, कधी कांदा, एकदा तर शाळेचे बाक आले होते, तेव्हा आत्या मुद्दाम हौद्यात डोकावून ते किती बुटके आहेत बघून आली. हप्ते जातात. पंखा दुरुस्त झाला. गोळ्या रोज घेते, असं ती सांगते. सांगताना चष्म्याला हात लावत नाही ना, हे मी हल्ली बघून घेतो.

चष्म्याची ती खूण मला शेवट्यामुळे कळली. एका सुटीच्या सकाळी तो दारात ट्रक धूत होता आणि मी पायरीवर बसून चहा पीत होतो. बदकांचे पडदे धुऊन आरशाला वाळत टाकले होते. पाइपातलं पाणी बंद करून तो हळूच म्हणाला, "दादा, बाईंना माहीत नव्हतं, नाही का?"

मी कप पायरीवर ठेवला. "कुणी सांगितलं तुला?"

"कोण सांगणार? चष्मा पुसला ना त्यांनी." तो चाकावरचा चिखल हाताने काढत होता. "लहानपणी मी रोज विचारायचो, बाई, आई कुठवर आली? त्या चष्मा काढून पुसायच्या आणि म्हणायच्या, निघालीय, वाटेतच आहे. कारखान्याचा भोंगासुद्धा झालेला नसायचा तेव्हा."

"म्हणजे तुला तेव्हाही कळायचं खोटं आहे ते?"

"कळायचं की. म्हणून तर रोज विचारायचो." तो हसला आणि पुन्हा पाइप सुरू केला. "त्यांना नका सांगू हं, मला कळलंय म्हणून."

मी नाही सांगितलं. इकडे आत्या, तिकडे तो, आणि मधे मी. दाव्यांच्या कामात दोन्ही बाजूंचं खरं काढायचा पगार घेतो, पण इथे मला कुणी काही विचारलेलं नाही.

परवा संध्याकाळी मी तिच्याकडे होतो. तीन वर्षांची झालेली ठकी कासवाच्या खुंटीला आपली पिशवी अडकवून कट्ट्यावर बसली होती, नाक काचेला चिकटवून. बापाच्या वळणावर गेलीय. खेळणी बाजूला आणि हातात चमचा. नुकताच शेवट्याचा फोन येऊन गेला होता. आज माल मिळाला नाही, उद्या दुपारपर्यंत भरून निघेन. आत्याने फोन ठेवला आणि ठकीच्या शेजारी जाऊन बसली. बाहेर दिवे लागत होते. कोपऱ्यावर एक गाडी वळली, पण तो आवाज आपला नव्हता.

"आजी, बाबा कुठवर आला?" ठकीने विचारलं.

आत्याने माझ्याकडे बघितलं नाही. तिने चष्मा काढला आणि रुमालाने सावकाश पुसायला लागली. "निघालाय," ती म्हणाली. "वाटेतच आहे."

ठकीने तिच्या हातातल्या चष्म्याकडे बघितलं. मग तिच्या तोंडाकडे बघितलं. चमचा खाली ठेवला, सरकत सरकत तिच्या मांडीवर जाऊन बसली आणि म्हणाली, "परत सांग."